१८८४ चा मॉर्गन डॉलर: झीज कुठे शोधायची आणि हात कुठे लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासरे अमेरिकेत क्लीव्हलँडला नोकरीत होते. परत येताना त्यांच्या घरमालकिणीने आठवण म्हणून एक चांदीचा डॉलर दिला. साल १८८४, मागच्या बाजूला अगदी बारीक 'एस' अक्षर. तेव्हापासून तो पुण्यात तुमच्या देवघरात आहे आणि लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो. ओळखीच्या सराफाने 'हा कोराच आहे, वापरलेला नाही' असं सांगितलं. तुम्ही इंटरनेटवर कोऱ्या १८८४ एसचा भाव पाहिला, तो हजारो डॉलर निघाला. आता दिवाळीच्या आधी स्वच्छ करून अमेरिकेला ग्रेडिंगला, म्हणजे प्रत ठरवून घ्यायला, पाठवावा का, असं विचारताय. सोबत नाण्याचे फोटोही पाठवलेत.

स्वच्छ करण्याचं आधी सांगतो, कारण ते एकदा झालं की बाकीचं उत्तर निरर्थक होतं. करू नका. रांगोळी नको, टूथपेस्ट नको, चिंच नको, भांड्यांची पावडर नको, सराफाकडचं 'पाणी' तर मुळीच नको. मऊ फडक्यानेही पुसू नका. का, ते पुढे येईलच.

तुमच्याकडचं नाणं मॉर्गन डॉलर म्हणून ओळखलं जातं. जॉर्ज मॉर्गन हा मूळचा इंग्लंडचा, नाण्यांचे ठसे कोरणारा कारागीर १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आला, त्याने हे चित्र केलं. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये ही नाणी पाडली गेली. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. पुढे लिबर्टीचं मस्तक, तिच्या टोपीवर कापसाची बोंडं आणि गव्हाच्या ओंब्या. मागे पंख पसरलेला गरुड आणि त्याच्याभोवती अर्धं पुष्पचक्र. त्या पुष्पचक्राच्या गाठीखाली, 'डॉलर' शब्दातल्या डी आणि ओ यांच्या वर टांकसाळीचं अक्षर असतं. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. काहीच अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. १९२१ च्या नाण्यांत डेन्व्हरचा डीही सापडतो.

आता १८८४ एसची गंमत. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने ३२ लाख डॉलर पाडले, म्हणजे आकड्यावरून दुर्मीळ म्हणावं असं काही नाही. व्यवहारात फिरून मध्यम झिजलेलं १८८४ एस आजही सहज मिळतं आणि त्याचा भाव चांदीच्या किमतीपासून फार लांब जात नाही. कोरं मात्र मोठ्या संग्राहकांनाही लवकर सापडत नाही. याच टांकसाळीचं १८८१ चं नाणं पाहिलंत तर उलटा प्रकार दिसेल. ती सव्वा कोटीहून जास्त पाडली गेली, त्यातली पुष्कळशी तिजोऱ्यांतल्या गोण्यांत पडून राहिली, आणि आज कोरं, लखलखीत १८८१ एस नवशिक्याचं पहिलं नाणं म्हणून विकलं जातं. १८८४ ची लोकांच्या खिशात गेली आणि झिजली.

किती पाडली याच्यावर विसंबू नका, याला आणखी एक कारण आहे आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागायला लागले. सरकारकडे चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली तिजोरीतले २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिशांना विकली गेली आणि ती इकडे रुपये पाडायला आली. तोवर पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे असे गेले. कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती वितळवले याची नोंद कोणी ठेवली नाही. पणजोबांच्या कनवटीच्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखादा मॉर्गन विरघळलेला असणं अगदी शक्य आहे.

तर तुमच्या नाण्याच्या बाबतीत सगळी किंमत एकाच प्रश्नावर टांगलेली आहे: झीज आहे की नाही? 'थोडीशीच आहे' आणि 'अजिबात नाही' या दोन उत्तरांमध्ये बाकीच्या मॉर्गनमध्ये किरकोळ फरक पडतो, १८८४ एसमध्ये कित्येक पटींचा पडतो.

ग्रेडिंग १ ते ७० अशा आकड्यांत होतं. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली, पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० च्या खाली सगळी फिरलेली नाणी. ६० पासून वर कोरी, त्यांना मिंट स्टेट म्हणजे एमएस म्हणतात. ५० ते ५८ हा मधला टापू अबाउट अनसर्क्युलेटेडचा, म्हणजे जवळजवळ न फिरलेल्या नाण्यांचा, एयू. सगळी भांडणं इथेच होतात आणि बहुतेक फसवणुकीही इथेच.

सराफाने 'कोरं' म्हटलं, त्यात त्यांचा दोष नाही. सराफ चांदी तपासतो, छाप वाचता येतो का ते पाहतो, आणि त्या नजरेने एयू-५० चं नाणं खरंच नवं दिसतं. नाण्याचा ग्रेडर मात्र आधी छापाकडे बघतच नाही. तो लकाकी बघतो, जिला धंद्यात सगळे लस्टर म्हणतात.

लस्टर म्हणजे पॉलिश नव्हे. नाणं पाडताना दोन ठशांमध्ये चांदीची चकती प्रचंड दाबाखाली येते आणि धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा ठशावर उमटत जातात आणि ठशावरून नाण्यावर येतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण उजेड त्यांच्यावरून परततो तेव्हा नाणं तिरकं करून फिरवलं की प्रकाशाचे दोन पट्टे मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. कोऱ्या मॉर्गनवर हे पट्टे गालावरून, केसांवरून, मोकळ्या जागेवरून कुठेही न अडखळता जातात. झिजलेल्या नाण्यावर ते उंच भागांपाशी तुटतात. घासलेल्या नाण्यावर पट्टे फिरतच नाहीत. सगळा पृष्ठभाग एकसारखा चकाकतो आणि नवख्याला तेच जास्त आवडतं.

म्हणून पुसू नका म्हणतो. या रेषा इतक्या उथळ असतात की सुती फडकं आणि बोटाचा दाब एवढ्यानेही मोडतात. मोडल्या की परत आणायचा कुठलाही उपाय नाही.

घरी बघायची पद्धत सांगतो. रात्री खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, टेबलावर एकच दिवा ठेवा, साधा उघडा एलईडी बल्ब चालेल. ट्यूबलाइट नको, तिच्या पसरट उजेडात सगळी नाणी चांगली दिसतात. खाली घडी घातलेला टॉवेल पसरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नाणं कडेला दोन बोटांत धरा, अंगठा तोंडावर पडू देऊ नका. दिव्यापासून फूट-दीड फुटावर धरून तिरकं करत सावकाश फिरवा. भिंग आधी नको. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही बाजू बघून झाल्या की मग पाच ते सातपट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दहापटीच्या भिंगाखाली उत्तम नाणंही खराब वाटतं.

झीज कुठे शोधायची? पुढच्या बाजूला पहिली जागा कानाच्या लगेच वरचे केस. मॉर्गनचा हा सर्वांत उंच भाग म्हटला तरी चालेल. दुसरी जागा कपाळावरून, डोळ्याच्या वरून मागे जाणारे केस. मग गाल, टोपीच्या घडीची कड आणि कापसाच्या बोंडांची टोकं. मागच्या बाजूला गरुडाची छाती, मग डोकं आणि पंखांच्या वरच्या कडा. या जागांवर रंग बदलला का ते बघा. झिजलेली चांदी आजूबाजूपेक्षा किंचित राखाडी, मंद दिसते. प्रकाशाचे पट्टे फिरत येतात आणि त्या ठिपक्यापाशी विझतात. एयू-५८ मध्ये असा ठिपका कानावर आणि छातीवर जेमतेम दिसतो, बाकी लस्टर शाबूत. एयू-५० मध्ये गाल, केस, मोकळी जागा सगळीकडे तो पसरलेला असतो आणि लस्टर अक्षरांच्या आडोशाला, पंखांखाली, पुष्पचक्राच्या खाचांत उरतो.

इथे एक मोठा सापळा आहे. कानावरचे केस सपाट दिसले म्हणजे झीजच असं नाही. दाब कमी पडला तर ठशातल्या खोल भागापर्यंत धातू पोचतच नाही आणि केस जन्मापासूनच पुसट असतात. न्यू ऑर्लिन्सची नाणी यासाठी बदनाम आहेत, १८९१ आणि १८९२ ची तर फारच. तिथलं पूर्ण कोरं नाणंही कानावर गुळगुळीत आणि छातीवर पिसांविना असतं. फरक कसा ओळखायचा? छाप कमी बसलेल्या जागेवर लस्टर असतो आणि भिंगाखाली मूळ चकतीचे बारीक खड्डे आणि चरे तसेच दिसतात, कारण ते दाबून सपाट झालेच नाहीत. झिजलेली जागा गुळगुळीत असते आणि तिच्यावर लस्टर नसतो. तुमच्या बाबतीत ही पळवाट फारशी कामाची नाही. सॅन फ्रान्सिस्कोची १८८० च्या आसपासची नाणी बहुधा ठसठशीत बसलेली असतात. तिथे कान सपाट दिसला तर आधी झिजेचाच संशय घ्यायचा.

खालच्या ग्रेडचं पटकन सांगून टाकतो. केसांच्या सगळ्या मुख्य बटा सुट्या दिसतात, कान ठळक आहे, पण उंचवट्यांवर सरळ सपाटी आलेली आहे आणि लस्टर फक्त खाचांत: हे एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), ४० ते ४५. केसांच्या दोन-तृतीयांश रेषा शिल्लक, छातीवरची पिसं बरीच गेलेली: व्हीएफ (व्हेरी फाइन), २० ते ३५. कपाळालगतची केसांची कड दिसते पण आतल्या बटा एकमेकांत मिसळल्या: फाइन. त्याखाली केस म्हणजे नुसता सपाट गोळा. १८८४ एस त्या ग्रेडमध्ये असेल तर ते चांदीच्या वजनाने विकलं जाणारं नाणं समजा.

वरच्या टोकाला, म्हणजे नाणं खरोखर कोरं असेल तर, झीज नसल्यामुळे ग्रेड मुख्यतः ठोक्यांवर ठरतो. टांकसाळीतून नाणी हजाराहजाराच्या कापडी गोण्यांत भरली जायची. अशी एक गोणी सत्तावीस किलोच्या आसपास भरते, ती फेकली, ओढली, मोजायला ओतली की नाणी एकमेकांवर आपटायची. म्हणून मॉर्गनच्या गालावर खाचा असणं साहजिक आहे. गाल मोठा, मोकळा आणि नाण्याच्या मधोमध, त्यामुळे तिथली एक खाच केसांतल्या पाच खाचांहून महाग पडते. त्याखालोखाल चेहऱ्यासमोरची मोकळी जागा. एमएस-६० चं नाणं कोरं असूनही ठोक्यांनी भरलेलं आणि कुरूप असू शकतं, आणि मला विचाराल तर चांगलं एयू-५८ त्याच्याहून कितीतरी देखणं असतं. लोक आकड्याला पैसे मोजतात, काय करणार. एमएस-६५ म्हणजे गालावर नजर अडकेल असं जवळपास काही नाही, लस्टर पूर्ण, छाप चांगला.

आता तुमच्या फोटोंकडे येतो. पुढच्या बाजूच्या फोटोत कानाच्या वर राखाडी पट्टा आहे, करंगळीच्या नखाएवढा तरी असेल. गालाचा रंगही समोरच्या मोकळ्या जागेपेक्षा वेगळा वाटतो. मागे छातीच्या मधल्या पिसांची टोकं एकमेकांत मिसळली आहेत. एवढ्यावरून हे कोरं नाही, असं मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. एयू-५० च्या आगेमागे, फार तर ५३.

पण मला जास्त खटकलेली गोष्ट दुसरी आहे. चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा दिसतात. गोणीतले ठोके असे नसतात, ते आखूड, खोल आणि कुठल्याही दिशेला असतात. समांतर बारीक रेषा, त्यातही अक्षरांपाशी येऊन वळणाऱ्या, म्हणजे कोणीतरी हे नाणं कधीतरी पुसलंय किंवा पावडरीने घासलंय. दिवाळीच्या आधी चांदीची भांडी निघतात तेव्हा तबकाबरोबर नाणंही हातासरशी घासलं जातं, आपल्याकडे हे घरोघर होतं. क्लीव्हलँडच्या बाईंनीही घासलं असेल, तिकडेही लोक कमी नाहीत. दिव्याखाली फिरवताना या रेषा एका कोनात एकदम पेटतात आणि दुसऱ्या कोनात नाहीशा होतात. तशा पेटल्या तर शंका संपली. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या आकडा देत नाहीत. 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' असं लिहून बंद करतात आणि भाव त्याच झिजेच्या न घासलेल्या नाण्याहून बराच खाली येतो.

अक्षरांच्या खाचांत लालसर-पिवळं दिसतंय ते हळद-कुंकू असणार. ते टोकरू नका. शुद्ध अॅसिटोन, म्हणजे रसायनांच्या दुकानात मिळतं ते, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, काचेच्या वाटीत घेऊन नाणं त्यात बुडवून ठेवलं तर तेल, चिकटपणा आणि काही प्रमाणात कुंकवाचा रंग सुटतो. चांदीला अॅसिटोन काही करत नाही. बाहेर काढून दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये एकदा बुचकळा आणि आपोआप सुकू द्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि निरांजन, गॅस दोन्ही लांब ठेवा, अॅसिटोन भडकन पेटतं. हळदीचा डाग यातून पूर्ण जाईलच असं नाही. न गेला तर राहू द्या.

कडेलगत निळसर-सोनेरी छटा आहे ती घाण नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो आणि थराची जाडी वाढते तसा रंग पिवळ्यावरून किरमिजी, मग निळा असा सरकतो. गोणीच्या कापडाला टेकून वर्षानुवर्षं राहिलेल्या मॉर्गनवर इंद्रधनुष्यासारखे रंग येतात आणि त्यासाठी लोक भरपूर जास्त पैसे देतात. तुमच्यावर तसलं काही नाही, पण जे आहे ते घालवण्यातही अर्थ नाही.

खरेपणाचंही बघून घ्या. सासऱ्यांच्या काळात क्लीव्हलँडहून आलेलं नाणं नकली असण्याची शक्यता कमी आहे, हल्लीची चिनी बनावट नाणी बाजारात त्यानंतर लोटली. तरी वजन करा, एवढ्या झिजेला ते २६.५ ग्रॅमच्या वर भरायला हवं. लोहचुंबकाला चिकटता कामा नये. भिंगाखाली 'एस'च्या बुडाशी सांधा, डिंकाची रेघ किंवा रंगात फरक दिसतो का ते पाहा. फिलाडेल्फियाच्या स्वस्त १८८४ वर एस चिकटवण्याची युक्ती जुनी आहे. कडेवर १२ वाजताच्या जागी झाळकामाची खूण किंवा घासून सपाट केलेली जागा नाही ना, तेही तपासा. पूर्वी कडी लावून गळ्यात घातलेली नाणी पुढे कडी काढून विकली जातात. सराफाकडे न्यायचं असेल तर कॅरेटमीटरवर, म्हणजे न घासता शुद्धता दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवायला सांगा, कसोटीवर कड घासू देऊ नका आणि फरशीवर आपटून वाजवूनही बघू देऊ नका.

राहिलं अमेरिकेला पाठवण्याचं. तिथल्या दोन मोठ्या कंपन्या पीसीजीएस आणि एनजीसी. १९८६-८७ पासून त्या नाणं तपासून, ग्रेड लिहून प्लास्टिकच्या कडक पेटीत बंद करून देतात. पण तुम्ही पुण्यात आहात आणि नाणं १०० वर्षांहून जुनं आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत धरली आहेत आणि खासगी व्यक्तीने पुरावशेष देशाबाहेर पाठवणं बेकायदा आहे. मूळचं परदेशी आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं गृहीत धरून कुरिअर करू नका, किंवा भाच्याच्या सामानात टाकून देऊ नका. पाठवायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. माझ्या मते तो खटाटोप एयू-५८ किंवा त्याहून वरच्या, न घासलेल्या १८८४ एससाठी करण्यासारखा आहे. तुमचं नाणं मला त्यात बसताना दिसत नाही.

तरी फोटोवरून मी कोणालाच शेवटचं सांगत नाही. वर सांगितल्याप्रमाणे एका दिव्याखाली नाणं तिरकं धरून प्रत्येक बाजूचे तीन फोटो काढा, दर वेळी नाणं थोडं फिरवून, फ्लॅश बंद ठेवून. कान आणि छाती जवळून वेगळे घ्या. आणि तोवर ते सध्याच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा. त्या पाकिटात पीव्हीसी असतं, ते काही वर्षांत चांदीवर हिरवा चिकट थर सोडतं. घट्ट पारदर्शक अॅक्रिलिकची गोल डबी मिळते, ३८ मिलिमीटरची, त्यात ठेवा. पूजेलाही डबीसकट ठेवलं तर हळद-कुंकू डबीवर वाहता येईल.